शेंगापोळी खाल्ली, आता डाएटचं काय?

२०२५च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये स्वयंपाकातलं तेल दहा टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. तेव्हापासून सोलापुरात लग्नाच्या पंगतीतसुद्धा कॅलरीच्या गप्पा रंगतात. डाएट सुरू करणाऱ्यांची कमी नाही. सोमवारी सुरू होतं, बुधवारपर्यंत जोरात असतं, शनिवारी कुणाच्या तरी बारशाला बासुंदी समोर येते आणि रविवारी ठरतं, ‘जाऊ दे, पुढच्या सोमवारपासून बघू.’

यात बासुंदीचा दोष फार थोडा आहे. डाएट बुडतं ते रविवारच्या ‘जाऊ दे’मुळे. असं का, ते आधी हिशेबानं पाहू, मग शरीर आणि मन काय करतं ते पाहू.

आणि आपल्या गावाचं एक सांगून टाकतो. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आणि संक्रांत, त्याच्या मागेपुढे वेळ अमावस्या आणि हुरडा, मग लग्नसराई, आषाढी, श्रावण, गणपती, दसरा, दिवाळी. ज्यात काहीच नाही असा महिना सोलापूरकरानं शोधून दाखवावा. सणवार संपल्यावर डाएट करू म्हणणाऱ्याचं डाएट कधीच सुरू होणार नाही.

## एका दिवसाचा हिशेब, एका आठवड्याचा हिशेब

कॅलरी म्हणजे अन्नातली ऊर्जा मोजायचं माप. खाल्लेल्या कॅलरी खर्चापेक्षा कमी पडल्या की शरीर साठवलेली चरबी वापरतं. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज गरजेपेक्षा ४०० कॅलरी कमी खाल्ल्या, तर आठवड्याला २,८०० ची तूट पडते. म्हणजे साधारण साडेतीनशे ग्रॅम चरबी.

आता संक्रांत आली. मध्यम आकाराच्या शेंगापोळीत ३० ग्रॅम शेंगदाणे, तेवढाच गूळ, तेवढीच कणीक आणि वर चमचाभर तूप धरलं, तर एक पोळी ४०० च्या थोडी वर जाते. अशा दोन पोळ्या, सोबत रोजचं जेवण, दुपारी तिळाच्या वड्या. समजा त्या दिवशी गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त गेल्या. उरलेल्या सहा दिवसांची तूट २,४००. त्यातून १,००० वजा केले तरी १,४०० उरतात. सण साजरा करूनही आठवड्याची निम्मी कमाई हातात राहिली.

दुसरा माणूस त्याच दोन पोळ्या खातो आणि संध्याकाळी म्हणतो, ‘मोडलंच.’ मग रात्री मटण, दुसऱ्या दिवशी पार्क चौपाटी, तिसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्या, आणि रविवारपर्यंत खाल्लेलं लिहायच्या वहीत एकही नोंद नाही. पोळ्या दोघांनी सारख्याच खाल्ल्या होत्या. एकाचं वजन आठवड्याअखेर थोडं उतरलं, दुसऱ्याचं चढलं.

## पण सकाळी काटा दीड किलो वाढलेला दाखवतो, त्याचं काय?

सगळ्यात जास्त डाएट याच सकाळी मरतात, म्हणून इथे थोडं थांबू.

दीड किलो चरबी एका रात्रीत चढायला गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. म्हणजे रोजच्या जेवणावर पंचवीसेक शेंगापोळ्या. एवढ्या कुणी खात नाही. मग वाढतं काय? मुख्यतः पाणी. शरीर पिठूळ आणि गोड पदार्थांतली साखर यकृतात आणि स्नायूंत थोडी साठवून ठेवतं. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात, आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम सोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. त्यात पापड, लोणचं, शेव यांतलं मीठ. तेही पाणी अडवतं. शिवाय रात्रीचं जेवण अजून आतड्यात असतंच. बायकांचं वजन पाळीच्या आधी एखाद-दोन किलोनं वर जातं, तेही पाणीच. नेहमीच्या खाण्यावर परतलात की दोनचार दिवसांत हे पाणी निघून जातं.

हीच गोष्ट उलट्या बाजूनंही खरी आहे, आणि ती मात्र कुणी ऐकून घेत नाही. डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे दोन-अडीच किलो ‘गेले’ म्हणून आपण गल्लीभर सांगत फिरतो, त्यातही बरंचसं पाणीच असतं. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो तेव्हा डाएट थांबलेलं नसतं. पाणी संपून चरबीची पाळी आलेली असते.

म्हणून वजन सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी करावं आणि आठवड्याची सरासरी पाहावी. ज्यांना रोज काट्यावर चढून धडधडतं त्यांनी आठवड्यातून एकच ठरलेला वार धरावा, फक्त तो सोमवार नसावा. रविवारच्या जेवणाचं मीठ सोमवारी काट्यावर उतरतं.

## ‘मोडलंच आहे तर…’

१९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही जणींना मिल्कशेक प्यायला दिला आणि नंतर ‘चव सांगा’ म्हणून आइस्क्रीम समोर ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनं पोट भरल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या बंधन पाळणाऱ्या होत्या त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर जास्त खाल्लं. पोटानं ‘भरलो’ असा निरोप दिला होता. पण मनानं आजचा दिवस गेला असं धरलं होतं, आणि गेलेल्या दिवसात कितीही खाल्लं तरी फरक काय पडतो?

आपल्याकडे याला आणखी एक खतपाणी मिळतं. खाण्यावरचा संयम आपण लहानपणापासून शिकतो तो उपवासातून. उपवास एकतर पाळला जातो किंवा मोडतो; दुपारी चुकून खारी बिस्किटं खाल्ली की एकादशी गेली. व्रत म्हणून ते ठीकच आहे. पण डाएटला हा नियम लावला की एका जिलेबीनं अख्खा दिवस बाद होतो, आणि एक दिवस बाद झाला की आठवडा. शरीराला दिवस, वार, तिथी कळत नाही. रात्री नऊ वाजता थांबलेला माणूस अकरा वाजेपर्यंत खात राहिलेल्या माणसापेक्षा कमीच खातो, सकाळी काय झालं होतं याच्याशी त्याचा संबंध नाही.

सवयींवरचं एक संशोधन इथे कामाचं आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लोकांना एखादी नवी सवय रोज करायला लावली. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. ‘एकवीस दिवसांत नवं आयुष्य’ असले फलक क्लासवाल्यांनी कुठून आणले कोण जाणे.

## मग हा सगळा इच्छाशक्तीचा खेळ आहे ना?

थोडा आहे. पण समोरचा पक्ष बलदंड आहे, आणि तो तुमच्याच अंगात राहतो.

सोलापूरकराला हे समजायला नळापेक्षा सोपं उदाहरण नाही. पाणी चार-पाच दिवसांनी येणार म्हटल्यावर घर काय करतं? आधी वापर आवळतं. आणि नळ आला की पिंप, घागरी, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा भरून घेतं. त्या दिवशी तेवढं पाणी लागतं म्हणून नव्हे, पुढची पाळी कधी याचा भरवसा नाही म्हणून. खाणं कमी केलं की शरीर हेच करतं. खर्च आवळतं, आणि समोर अन्न आलं की भरून घ्यायला लावतं.

हे निरोप पोचवणारी रसायनं सापडलेली आहेत. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक निघतं आणि मेंदूला साठा पुरेसा असल्याचं कळवतं. ते १९९४ मध्ये सापडलं. जठरातून निघणारं घ्रेलिन भूक लावतं. ते १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. वजन उतरलं की लेप्टिन घटतं, घ्रेलिन वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, जो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, ५० जणांना दहा आठवडे फार कमी कॅलरींवर ठेवलं. वजन सरासरी साडेतेरा किलो उतरलं. वर्षभरानंतर तपासलं तरी भुकेची संप्रेरकं जुन्या जागी परतलेली नव्हती. भूक वाढलेलीच होती.

भूक किती वाढते याचाही अंदाज आहे. केविन हॉल यांच्या गटानं २०१६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, उतरलेल्या दर किलोमागे खाण्याची ओढ दिवसाला साधारण १०० कॅलरींनी वाढते आणि खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. म्हणजे पाच किलो उतरवलेल्या माणसाला रोज ५०० कॅलरी जास्त खाव्याशा वाटतात आणि शरीर शंभर-दीडशे कमी जाळतं. पहिल्या महिन्यात जे सहज जमलं ते चौथ्या महिन्यात का जड जातं, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. तुम्ही आळशी झालेले नसता.

जितकी कडक उपासमार, तितका पलटवार मोठा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना रात्रंदिवस अन्नाशिवाय काही सुचेना. काही जण पाककृती गोळा करू लागले. बंधन उठल्यावर त्यांनी पोट फुटेस्तोवर खाल्लं. पपई आणि काकडीवर आठ दिवस काढणाऱ्यांनी ही माणसं आठवावीत. रोजची तूट ३००-४०० चीच ठेवली तर वजन हळू उतरतं, पण मेंदू इतका बिथरत नाही. डाळ, उसळ, अंडं, दही यांतली प्रथिनं आणि भाज्यांचा चोथा पोट जास्त वेळ भरलेलं ठेवतात, हाही त्याच भुकेवरचा उपाय.

## आग्रहाला काय उत्तर द्यायचं?

संप्रेरकांशी एकवेळ जमवून घेता येईल. “घ्या की वो भाऊजी, एका पोळीनं काय होत नसतंय” म्हणत वाढायला आलेल्या वहिनींशी जमवणं कठीण. आपल्याकडे नाही म्हणणं म्हणजे वाढणाऱ्याच्या हाताचा अपमान. “डाएटवर आहे” म्हटलं तर ताटाभोवती सभाच भरते. कुणी म्हणतं तब्येत तर चांगलीय की, कुणी आपल्या जावेच्या बहिणीनं लिंबूपाण्यावर कसे वीस किलो उतरवले ते सांगतं.

इथे पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाची १९९९ पासून गाजलेली एक साधी युक्ती चालते. ‘कमी खाईन’ असं मोघम ठरवू नये. ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधीच ठरवून ठेवावं. प्रसंग आला की विचार करत बसावं लागत नाही, ठरलेलं हातून होतं. सोलापूरच्या हिशेबानं काही नमुने:

‘दुसऱ्यांदा पोळी आली, तर ताटावर आडवा हात धरून मठ्ठा मागीन.’ वाढणाऱ्याला काहीतरी वाढायचं असतं. मागितलेलं वाढलं की समाधान होतं. ‘कुणाच्या घरी गेलो, तर पहिल्यांदाच मागून एक पोळी घेईन आणि सगळ्यांदेखत तिचं कौतुक करीन.’ कौतुक झालं की आग्रहाची धार निम्मी होते. ‘गड्ड्याला गेलो, तर आधी होम मैदानाला एक पूर्ण चक्कर, मग आवडीची एकच गोष्ट, बसून.’ आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘जास्त खाल्लं गेलं, तर पुढचं जेवण नेहमीचं.’ उपाशी राहून भरपाई करायची नाही, कारण रात्री उपाशी राहिलेला माणूस सकाळी शिरा दिसला की पुन्हा नळावर घागर घेऊन धावतो.

“हे पुरुषांना ठीक आहे, आम्हाला घरच्यांचा स्वयंपाक असतो” असं बायका म्हणतात, आणि खरंच म्हणतात. सासऱ्यांना मऊ भाकरी, मुलांना पराठा, नवऱ्याला डबा. त्यात स्वतःसाठी वेगळं डाएटचं जेवण करायला कुणाला वेळ आहे? घरी सुपात विडीची पानं घेऊन दिवसभर बसून काम करणाऱ्या आपल्याकडच्या हजारो बायकांना तर हालचालच कमी. वेगळं शिजवू नये. तेच जेवण वेगळ्या क्रमानं आणि प्रमाणानं घ्यावं. आधी पालेभाजी, कोशिंबीर आणि डाळ ताटात, मग एक भाकरी. फोडणीचं तेल पळीनं अंदाजे न ओतता चमच्यानं मोजलं तर सगळ्या घराचं भलं होतं. एका मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी असतात. आणि मुलांच्या ताटात उरलेलं आईनं संपवायचं हा नियम कुणी केला?

## शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोडायची का?

सोडायची नाही, आणि सोडा म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञानं सोलापुरात दुकान मांडू नये. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला साधारण ५६० कॅलरी असतात, पण चांगली प्रथिनंही असतात. दोन चमचे चटणी म्हणजे शंभरएक कॅलरी. गडबड होते ती डबा मांडीवर घेऊन टीव्ही पाहताना. चटणी वाटीत काढून घ्यावी, डबा फडताळात ठेवावा.

ज्वारीचं कौतुक आपल्याला आहेच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिच्यात चोथा भरपूर, त्यामुळे पोट भरतं. पण भाकरीनं वजन आपोआप उतरत नाही. ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत दोनशेच्या आसपास कॅलरी असतात, आणि ती कडक केली म्हणून त्या उडून जात नाहीत. उलट कडक भाकरी कुरकुरीत, मोडून मोडून खाल्ली जाते आणि मोजदाद राहत नाही. हुरड्याचंही तसंच. कोवळी ज्वारी निरुपद्रवी. तिच्यासोबतची शेव, गूळ, चटण्या आणि उसाचा रस हिशेब वाढवतात.

## उपवास केले तर लवकर उतरेल?

कसला उपवास, त्यावर आहे. पाऊण वाटी कोरडा साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, मोठा चमचा तूप. एवढ्या खिचडीत सहज ५०० कॅलरी होतात, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ सत्त्व, त्यामुळे दोन तासांत पुन्हा भूक. आषाढीला ताक, फळं, एखादं उकडलेलं रताळं यांवर दिवस काढला तर गोष्ट वेगळी.

## रोज संभाजी तलावाला फेऱ्या मारतो, तरी उतरत नाही

सत्तर किलोचा माणूस चाळीस मिनिटं झपाझप चालला तर दीडशेएक कॅलरी जळतात. परत येताना प्लेटभर भजी घेतली की त्या भरून निघतात. चालणं सोडू नका. साखर, रक्तदाब आणि उतरलेलं वजन टिकवणं यांसाठी ते लागतंच. पण वजन उतरतं ते मुख्यतः ताटातून.

झोपेकडे मात्र फार कमी लोक पाहतात. कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांवरच्या २०२२ च्या एका अमेरिकी अभ्यासात झोप सव्वा तासानं वाढवल्यावर रोजचं खाणं सरासरी २७० कॅलरींनी कमी झालं. डाएट वगैरे काही सांगितलं नव्हतं. यंत्रमागावर किंवा एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी रात्रपाळीच्या आठवड्यात स्वतःवर जास्त कडक होऊ नये. तेव्हा वजन वाढलं नाही तरी पुष्कळ.

## किती उतरलं म्हणजे पुरे?

लग्नातल्या फोटोएवढं व्हायची गरज नाही. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या एका मोठ्या चाचणीत, २००२ मध्ये, वजन साधारण सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला अडीच तास चालायचं असं उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ऐंशी किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. भारतीयांनी पोटाचा घेर जास्त पाहावा. पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं मानलं जातं.

## एवढं कशाला, इंजेक्शनच घेतलं तर?

डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जरूर घ्यावं. ही औषधं खरोखर काम करतात. ती भुकेचे निरोपच मंद करतात, म्हणून आग्रह आणि आठवणी दोन्ही सोसवतात. पण औषध थांबलं की निरोप पुन्हा सुरू होतात. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. त्यामुळे खाण्याच्या सवयी इंजेक्शन घेतानाही लावाव्याच लागतात, तेव्हा त्या लावणं सोपं जातं एवढंच.

गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी आणि किडनीचा आजार असलेल्यांनी यातलं काहीही मनानं सुरू करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर जेवण कमी होताच साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अशांनी चालू औषधांची चिठ्ठी घेऊन आधी डॉक्टरांना भेटावं. खाणं कमी झालं की बऱ्याचदा औषधाचा डोसही कमी करावा लागतो.